साडूसारखाच, पण दोन पानं जास्त

साडूने ट्रस्ट केल्याची बातमी पेंटरला चहाच्या दुसऱ्या घोटाला कळली आणि तिसरा घोट सरळ नाकात गेला.

"सावकाश," बायको म्हणाली. "ट्रस्टच केलाय त्यांनी. तुमच्यावर खटला नाही भरला."

"कसला ट्रस्ट? शाळेचा असतो तसला?"

"नाही हो. घरचा. ताई सांगत होती. आपण जिवंत असतानाच घर, दुकान, सगळं त्यात घालायचं. चालवायचं आपणच. उद्या काही बरंवाईट झालं तर ठरवलेला दुसरा माणूस पुढे चालवतो. कोर्टाची पायरी चढायला नको." बायको थांबली. पुढचं सांगावं की नाही असा विचार ती करत होती असं नाही, ती फक्त चहाचा घोट घेत होती. "आणि भाऊजी म्हणाले, विल काय, कोणीही करतं."

'कोणीही' हा शब्द पेंटरच्या डोळ्यांपुढे तीन फुटी लाल अक्षरांत उभा राहिला. कारण विल त्याने केलं होतं.

गेल्याच वर्षी केलं होतं आणि ते साधंसुधं नव्हतं. जाड, साईच्या रंगाचा कागद. मथळा चपट्या कुंचल्याने, मजकूर टाकाने. 'मृत्युपत्र' या शब्दातला 'त्यु' मनासारखा उतरेपर्यंत त्याने चार कागद वाया घालवले होते. मजकूर थोडकाच होता. घर बायकोला आणि बोर्ड रंगवायची शेड मुलीला. मुलगी त्याच्या हाताखाली तयार झाली होती आणि आता अक्षरांची आखणी बापापेक्षा सरळ करत होती. हे लिहून ठेवणं भागच होतं, कारण पेंटरचा धाकटा भाऊ दोन गाड्या भाड्याने फिरवत असे, आणि त्या उभ्या करायला ही शेड किती सोयीची आहे हे तो घरी आला की सांगत असे. विलावर साक्षीदार म्हणून दोघांनी सह्या केल्या होत्या. एक समोरचा चष्मेवाला आणि दुसरा खुद्द साडू. सही करताना साडू त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला होता आणि चहा न घेताच निघून गेला होता. त्याला वाचायला वेळ लागतो, असा पेंटरने त्याचा अर्थ लावला होता.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोठ्या रस्त्यावर त्याची लाँड्री होती. आपल्या सासऱ्याला आणखी एक जावई आहे हे कळल्यापासून पेंटरच्या पोटात जे दुखायला लागलं होतं ते आजतागायत थांबलं नव्हतं. साडूने स्कूटर घेतली, पेंटरने घेतली. साडूने खिडक्यांना जाळ्या बसवल्या, पेंटरने दारालासुद्धा बसवली. साडूला चष्मा लागला तेव्हा पेंटर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आणि 'नजर उत्तम आहे' असं ऐकून हिरमुसला होऊन परत आला. साडूला रक्तदाब निघाला, त्या आठवड्यात पेंटरने तीन ठिकाणी दाब मोजून घेतला. तिन्ही ठिकाणी तो नेमका हवा तेवढाच निघाला.

चहा अर्धा टाकून तो शेडमध्ये गेला. खणातून विल काढलं, एकदा त्या 'त्यु'कडे पाहिलं, कागदाचा चुरगळून बोळा केला आणि तो रंगाच्या फडक्यांच्या खोक्यात भिरकावला.

"बाबा, काय टाकलंत?" मुलीने विचारलं.

"कोणीही करतं तसली वस्तू," तो म्हणाला.

साडूचीच वकीलबाई गाठायची हे उघड होतं. दुसरी गाठली असती तर ती साडूच्या वकीलबाईपेक्षा कमी निघण्याचा धोका होता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे आहे काय काय?"

"घर आहे. शेड आहे. शिडी आहे."

"मग विल पुरतं की तुम्हाला. कमी खर्चात होतं. तुमच्यामागे कोर्टातून ते खरं करून घ्यावं लागेल, थोडा वेळ जाईल, एवढंच. ट्रस्टला तेवढा वेळ लागत नाही, पण त्याची मेहनत आत्ता असते. जी वस्तू त्यात घालाल तीच त्यात. घालायची राहिली ती बाहेर."

"साडूंना पुरलं नाही, आणि मला पुरतं?"

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. या धंद्यात त्यांनी इस्टेटीपेक्षा सोयरिकीच जास्त पाहिल्या होत्या. "बरं. कसा पाहिजे ट्रस्ट?"

"साडूसारखाच," पेंटर म्हणाला. "अगदी तसाच. आणि दोन पानं जास्त."

"दोन पानांत लिहू काय?"

"ते तुम्ही बघा. मी कधी गिऱ्हाइकाला विचारतो का, बोर्डात रिकामी जागा उरली तर काय करू म्हणून?"

"वस्तूंची यादी वाढवा मग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला बाहेर टायपिस्टकडे पाठवलं.

टायपिस्टने जुनी फाइल उघडली आणि भराभरा विचारायला सुरुवात केली. तुमचं नाव, पत्ता. पत्नीचं नाव. मुलीचं नाव. शेडची लांबी-रुंदी. मग मान वर न करता त्याने विचारलं, "साडूंचं पूर्ण नाव आणि पत्ता?"

जुनी फाइल ताडून बघायला विचारत असेल, असं पेंटरला वाटलं. त्याने साडूचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, वर "मोठ्या रस्त्यावर आहे लाँड्री, पण बोर्ड अगदीच सुमार आहे," एवढंही सांगितलं.

चार दिवसांनी कागद तयार झाला. पेंटरने तो पानन् पान तपासला. समास दोन्हीकडे सारखा आहे का, ओळी सरळ आहेत का, वेलांट्या तुटल्यात का. एका ठिकाणी अनुस्वार शेजारच्या अक्षरावर गेला होता, तो त्याने दुरुस्त करून घेतला. आयुष्यभर अक्षरं बघितलेल्या माणसाला मजकूर दिसत नाही. त्याने एकदा एका दवाखान्याचा आख्खा बोर्ड रंगवला होता आणि तो दवाखाना जनावरांचा आहे हे त्याला उद्घाटनाच्या दिवशी समोर बांधलेली म्हैस बघून कळलं होतं. पानं त्याने मोजली मात्र दोनदा. साडूची अकरा होती, ही तेरा भरली. त्याने समाधानाने सह्या केल्या.

त्या वाढीव दोन पानांत चौसष्ट वस्तू होत्या. पहिली शेड, आणि चौसष्टावी भिंतीवरचा आरसा.

आता साडूने आपल्या यादीतल्या वस्तूंना नंबर दिले होते. लाँड्रीत कपड्यांना लावतात तसल्या कापडी चिठ्ठ्या त्याने घरातल्या खुर्च्या-टेबलांना आतल्या बाजूने टाचल्या होत्या. हे बायकोकडून कळल्यावर पेंटर हसला. चिठ्ठ्या! घरात पेंटर असताना! त्याने निळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि दोन दिवसांत सगळ्या घरावर 'न्यास' असं वळणदार लिहून खाली ठसठशीत आकडे टाकले. पलंगावर एकवीस. मिक्सरवर अडतीस. बायकोच्या कपाटावर सतरा, तेही समोरच्या दोन्ही दारांवर मधोमध, एक इकडे आणि सात तिकडे.

"हे माझं कपाट आहे," बायको म्हणाली. आवाज अगदी हळू होता. बावीस वर्षांच्या संसारात हळू आवाजाचा अर्थ पेंटरला कळायला हवा होता.

"आता ते ट्रस्टचं आहे."

"माझ्या आईने दिलंय ते."

"यादीत आहे. सतरा."

"अस्सं. मग उद्यापासून तुमचा डबा ट्रस्टच भरेल. नंबर कितीचा आहे डबा?"

"त्रेचाळीस," पेंटर म्हणाला, आणि त्रेचाळीस नंबरचा डबा पुढे आठवडाभर रिकामाच राहिला.

वाळण्यासाठी त्याने बरंचसं सामान शेडबाहेर रस्त्याच्या कडेला मांडलं होतं. सगळ्यात आधी चष्मेवाला आला. त्याने शिडीला एक फेरी मारली, पायरीवरचा आकडा चष्मा वर करून पाहिला, चष्मा खाली करून पाहिला.

"शिडी नऊला?"

"नऊला काय?"

"नऊला देताय का? स्वस्त आहे. मी घेतो."

"तो नंबर आहे!"

"हो का? मग किंमत काय?"

त्याची समजूत घालेपर्यंत खुर्चीजवळ दोन बायका उभ्या राहिल्या होत्या. चार नंबरची खुर्ची चारला, तर एकवीसचा पलंग काही महाग नाही, असं त्यांचं चाललं होतं. तिसऱ्या एका गृहस्थाने मिक्सर चालू करून दाखवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पेंटर बोजाबिस्तारा विकून गाव सोडतोय ही बातमी दोन गल्ल्या ओलांडून गेली. ज्यांचे बोर्ड अर्धे रंगवून झाले होते ते घाईघाईने येऊन अर्धेच बोर्ड घेऊन गेले. एका केशकर्तनालयावर पुढे महिनाभर नुसतंच 'केशक' लटकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर शिडी लावून शेडच्या दारावर चढला. यादीतली पहिली वस्तू शेडच होती, आणि तिचा 'एक' त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता, हात चांगला बसल्यावर काढायचा म्हणून. शिडीवरचा नऊचा आकडा चष्मेवाल्याच्या बोटांनी फिसकटला होता, तो त्याने चढण्याआधीच पुन्हा गिरवला होता. त्या 'एक'चं डोकं गोल करत असताना त्याला खाली काहीतरी कुरकुरल्यासारखं ऐकू आलं. त्याने वाकून पाहिलं. धाकटा भाऊ मोजपट्टी घेऊन शेडची रुंदी मोजत होता.

"काय करतोस रे?"

"मोजतोय, दादा. तुम्ही निघालात म्हणे. मला आधी सांगायचं ना! दोन्ही गाड्या आरामात बसतील, फक्त ही मधली भिंत…"

"खबरदार!" पेंटर ओरडला आणि तरातरा खाली उतरायला लागला. वरून चौथी पायरी ओल्या रंगाची होती. नऊचा आकडा त्याच्या चपलेच्या तळव्याला आला आणि पेंटर जमिनीवर आला.

उजवा हात मोडला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

आणि तिसऱ्याच दिवशी धाकटा भाऊ खोलीच्या दारात उभा. "दादा, तुमचा हात बरा होईपर्यंत शेडची किल्ली माझ्याकडे असू द्या. काम तर बंदच आहे. फक्त एक गाडी. तात्पुरती." तात्पुरतं म्हणून त्याने नेलेला स्टोव्ह चौदा वर्षं त्याच्याकडे होता.

पेंटरचा चेहरा पडला. त्याने मुलीला हाक मारली. "तो कागद आण. त्यात लिहिलंय ना, मी आजारी पडलो तर शेड कोणी बघायची? वाच. मोठ्याने वाच, काकाला ऐकू दे."

मुलीने तेरा पानांचा गठ्ठा उघडला. "कलम सात. मी आजारपण किंवा अपघात यामुळे स्वतःच्या हाताने सही करण्यास असमर्थ झाल्यास, माझ्या न्यासातील सर्व मालमत्ता माझे साडू…" ती थांबली.

"कोण?"

"साडू. पुढे काकांचं नाव आहे. लाँड्रीवाल्या काकांचं. पत्तासुद्धा."

धाकट्या भावाने मोजपट्टी खिशात घातली. पेंटरने डाव्या हाताने टायपिस्टला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. टायपिस्टने सगळं ऐकून घेतलं. "साहेब, तुम्हीच म्हणालात, अगदी तसाच पाहिजे. मी नावं बदलली, पत्ते बदलले, वस्तू बदलल्या. नाती आहेत तशी ठेवली. पत्नीला पत्नी, साडूला साडू. नाव मी तुम्हालाच विचारलं होतं."

एका तासात साडू हजर झाला. बायकोने कळवलं असणार. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. तो खुर्चीवर बसला, तेव्हा चार नंबरचा निळा आकडा त्याच्या पाठीमागे गेला आणि पेंटरला जरा बरं वाटलं.

"किल्ली," साडू म्हणाला.

धाकटा भाऊ पुढे सरकला. "मी काय म्हणतो, एक गाडी…"

"शेड ट्रस्टची आहे," साडू म्हणाला. "मी विश्वस्त आहे. गाडी माझ्या लाँड्रीच्या मागच्या अंगणात लावा हवी तर. इथे नाही. इथे पोरगी काम करते."

त्याने आवाज चढवला नव्हता. धाकटा भाऊ आला तसा गेला. पेंटरला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी पोटात जोरात दुखलं. चौदा वर्षांत त्याला जे जमलं नव्हतं ते साडूने बसल्या जागी, इस्त्री न मोडता केलं होतं.

पुढचे सहा आठवडे फार वाईट गेले. साडू रोज संध्याकाळी लाँड्री बंद करून शेडमध्ये यायचा. कुंचले घासून पुसून ओळीने लावायचा. रंगाची फडकी धुऊन घड्या घालायचा. मुलीला विचारायचा, "आज काय रंगवलंस?" आणि ती दाखवायची. 'केशक'वाले परत आले आणि मुलीने पुढचं 'र्तनालय' असं काढलं, की कुठे जोड आहे ते कळेना. "काकांनी सूत धरलं होतं," ती म्हणाली. पेंटर भिंतीकडे तोंड करून झोपला. बायकोने कपाटावरचा सतरा साडूला दाखवला, त्याने लाँड्रीतलं कसलंसं औषध आणून तो दोन दिवसांत काढून टाकला. त्या संध्याकाळी बायकोने दोन कप चहा केला. दोन. एक साडूला आणि एक स्वतःला.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी साडू नेहमीपेक्षा लवकर आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं पाकीट होतं. ते त्याने पेंटरच्या मांडीवर ठेवलं.

"फडक्यांच्या खोक्यात सापडलं," तो म्हणाला. "इस्त्री उलट्या बाजूने केली. वर मलमलीचं फडकं ठेवून. नाहीतर शाई पसरते."

पेंटरने डाव्या हाताने पाकीट उघडलं. आत विल होतं. साईच्या रंगाचा कागद, सपाट, एकसुद्धा चुणी नाही. 'त्यु' जसाच्या तसा. खाली तिन्ही सह्या जागच्या जागी.

"वकीलबाईंना विचारून आलोय," साडू म्हणाला. "फाडलेलं नाही ना, मग चालतं म्हणाल्या. ट्रस्ट असला तरी विल पाहिजेच. जे यादीत घालायचं राहिलं ते त्यात येतं. तुम्ही ते चुरगळलंत कसं, साडूभाऊ? मला तर बघून रडू आलं."

"तुम्हीच म्हणालात, विल कोणीही करतं."

साडूने फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "सही करायला आलो होतो ना मी गेल्या वर्षी. हा कागद पाहिला. घरी गेलो आणि जेवण जाईना. म्हटलं, मेला तर हा माणूस असा मरेल, आणि मी? माझं अक्षर बघितलंय तुम्ही. लोक पावती वाचता येत नाही म्हणून कपडे परत मागायला येतात. हिला म्हटलं, आपणही करू विल. तर ही म्हणाली, त्यांच्यासारखं अक्षर आहे का तुमचं? मग वकीलबाईंना विचारलं, की यापेक्षा मोठं, छापील काय असतं? त्या म्हणाल्या, ट्रस्ट."

बावीस वर्षांत तिकडेही कोणाच्या पोटात दुखत असेल, हे पेंटरच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आणि कलम सात?" त्याने विचारलं.

"तुमच्या कागदातलं?"

"तुमच्या."

"माझ्यात तुमचं नाव आहे," साडू म्हणाला. "मी आडवा पडलो तर लाँड्री तुम्ही बघायची. दुसऱ्या कोणावर विश्वास टाकू? तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगली चालवून दाखवाल. जळून का होईना."

बायको दारात उभी होती. ती आत गेली आणि या वेळी तीन कप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. आठवडाभर पेंटरने बोटं मोकळी केली, मग साईच्या रंगाचा नवा कागद आखायला घेतला. साडू समोर बसला होता, चार नंबरच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसतात तसा.

"कसं पाहिजे?" पेंटरने टाक शाईत बुडवून विचारलं.

"तुमच्यासारखंच," साडू म्हणाला. "अगदी तसंच." मग तो घुटमळला. "फक्त एक ओळ जास्त."

"ओळीत लिहू काय?"

"ते तुम्ही बघा. काहीही चालेल. पण जास्त."

पेंटरने ती ओळ लिहिली. मन लावून लिहिली, शेवटी एक वेलबुट्टीसुद्धा काढून दिली. साडू कागद छातीशी धरून जपून पायऱ्या उतरला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत पेंटर दारात उभा होता. मग तो आत आला, पाकिटातून स्वतःचं विल काढलं, पट्टीने खालची मोकळी जागा मोजली आणि मुलीला म्हणाला,

"जा, चष्मेवाल्याला बोलाव. साक्षीला. दोन ओळी राहून गेल्यात."